मलिक अंबरला कुठला झेंडा द्यायचा?

‘एज ऑफ एम्पायर्स’ या खेळाचा दुसरा भाग १९९९ साली आला तेव्हा त्यात तेरा संस्कृती होत्या. मंगोल होते, व्हायकिंग होते, जपानी होते. गॉथ आणि केल्ट यांनाही जागा मिळाली होती. सहारा वाळवंटाच्या खालचा अख्खा आफ्रिका मात्र गायब होता. आणि भारतही. नागपूरच्या रामदासपेठेत कॅनॉल रोडवरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये शाळेतून आलेलं पोरगं दप्तर भिरकावून कॉम्प्युटरपुढे बसायचं आणि इंग्रजांचे तिरंदाज घेऊन फ्रँकांच्या किल्ल्यांवर तुटून पडायचं. देवगिरी उभी करायची म्हटली तर सोय नव्हती. टिंबक्टू उभं करायचं म्हटलं तरी नव्हती.

दोघांचाही नंबर उशिरा लागला. भारतीय आले २०१३ मध्ये, तेही आधी हौशी खेळाडूंनी पदरमोड करून घातलेल्या भरीतून. ती भर पुढे कंपनीने अधिकृत करून घेतली. आफ्रिकेची पाळी आली नोव्हेंबर २०१५ मध्ये. ‘द आफ्रिकन किंगडम्स’ या जोडभागात बर्बर, माली आणि इथिओपिया अशा तीन संस्कृती मिळाल्या आणि चौथी संस्कृती होती पोर्तुगीज! आफ्रिकेच्या नावाने निघालेल्या पेटीत पोर्तुगीज कशाला, हे कोडं आपल्याला पुढे चौलच्या बंदरात सुटेल.

हा खेळ कधी न खेळलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. सुरुवातीला पडद्यावर सगळा नकाशा काळा असतो. त्यात कुठेतरी तुमचं एक छोटं ठाणं आणि तीन-चार गावकरी. त्यांनी लाकूड तोडायचं, शेती करायची, सोनं आणि दगड खणायचे; त्यातून बराकी, बाजार, किल्ले उभे राहतात. गावकरी पुढे सरकतील तसा नकाशा उजळत जातो. प्रत्येक खेळाडूला एक रंग मिळतो आणि एक संस्कृती. संस्कृती निवडली की काही सवलती मिळतात, एखादा खास सैनिक मिळतो आणि शिपाई त्या संस्कृतीच्या भाषेत हुंकार देतात. मालीचे लोक बंबारा बोलतात, इथिओपियाचे अम्हारिक.

म्हणजे नवी संस्कृती घालणाऱ्याला हजारेक वर्षांचा इतिहास पाच-सहा नियमांत बसवावा लागतो. कुणाला सोनं स्वस्त, कुणाचे धनुर्धारी चपळ, कुणाची घरं कमी लाकडात. मध्ययुगीन आफ्रिका या चिमटीत धरायला गेलं की काय काय हाताला लागतं, हे पाहण्यासारखं आहे. कारण एका टप्प्यावर आपण थेट मराठवाड्यात येऊन पोचतो.

सोन्याचा राजा आणि देवगिरी, एकाच कागदावर

मालीपासून सुरुवात करू, कारण तिथे नियम शोधावा लागत नाही. सोनं! पश्चिम आफ्रिकेत सेनेगल आणि नायजर नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत सोनं होतं आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या टांकसाळींना ते हवं होतं. मधल्या वाटेवर बसलेलं राज्य म्हणजे माली. सुंदियाता केइताने १२३५ च्या सुमारास किरिनाच्या लढाईत ते उभं केलं. ही हकीकत आजही तिथले वंशपरंपरागत गायक वाद्यावर गाऊन सांगतात आणि खेळातल्या मालीच्या मोहिमेचा नायकही तोच आहे.

त्याच्या घराण्यातला मन्सा मूसा १३२४ साली हज यात्रेला निघाला आणि वाटेत कैरोला थांबला. तिथे त्याने इतकं सोनं वाटलं, इतकं खर्चलं, की सोन्याचा भावच बसला. अल-उमरी हा अरब लेखक नंतर बारा वर्षांनी कैरोत चौकशी करत होता. त्याने नोंद केली आहे की एका मिस्कालला, म्हणजे सोन्याच्या एका मापाला, पूर्वी चांदीच्या पंचवीस दिरहमच्या खाली भाव येत नसे. मूसा येऊन गेल्यापासून तो बावीसच्या वर गेलेला नाही. एका पाहुण्याच्या सढळ हाताने एका देशाचा सराफा बाजार बारा वर्षं मंदीत!

या मूसाचं चित्र १३७५ च्या सुमारास मायोर्का बेटावर काढलेल्या कातालान नकाशात आहे. अब्राहम क्रेस्केस या ज्यू नकाशाकाराच्या नावावर असलेला हा नकाशा आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेला आहे. सहाराच्या खाली मूसा सिंहासनावर बसला आहे, डोक्यावर मुकुट आणि हातात सोन्याचा गोळा. उंटावरचा एक माणूस त्याच्याकडे येतो आहे.

आता त्याच नकाशावर नजर पूर्वेकडे सरकवा. अरबस्तान ओलांडा, समुद्र ओलांडा, हिंदुस्थानच्या द्वीपकल्पावर या. तिथे एका शहरावर झेंडा फडकतो आहे आणि शेजारी नाव लिहिलंय ‘दिओगिल’. ही आपली देवगिरी. नकाशा काढला तेव्हा यादवांचं राज्य बुडून अर्धं शतक उलटलं होतं, दख्खनवर बहमनी सुलतान होते. इकडे मूसाही केव्हाच वारला होता. दोन्ही बातम्या शिळ्या होत्या, पण एका समुद्री बेटावरच्या माणसाच्या डोक्यात टिंबक्टूकडचा राजा आणि देवगिरी एकाच जगात होते. खेळाच्या नकाशावर ते एकत्र यायला त्यानंतर सहाशेहून अधिक वर्षं लागली.

मिठाच्या भिंती आणि माशीने आखलेली सीमा

सोन्याची दुसरी बाजू म्हणजे मीठ. सोनं ज्या भागात निघायचं तिथे मीठ नव्हतं. ते उत्तरेला, सहाराच्या पोटात तघाझा नावाच्या ठिकाणी जमिनीतून फरशांसारखं कापून काढायचे. १३५२ साली इब्न बतूता हा प्रवासी तिथे दहा दिवस राहिला. त्याने लिहून ठेवलं आहे की तिथली घरं आणि मशीद मिठाच्या ठोकळ्यांची आहे, वर उंटाच्या कातड्याचं छप्पर. झाड औषधालाही नाही. पाणी खारट आणि माशा मोप. मिठाचं ओझं वाळवंटाच्या दक्षिण काठावर वलाताला आठ ते दहा मिस्कालला विकलं जाई आणि माली शहरात वीस ते तीस मिस्कालला. मिठाचे तुकडे पाडून लोक ते नाण्यासारखे वापरत.

खेळात अन्न, लाकूड, दगड, सोनं अशी चारच संसाधनं आहेत. मीठ नाही. मालीचा इतिहास ज्या एका वस्तूवाचून समजत नाही ती वस्तूच हिशेबातून गळलेली. खेळाची चौकट युरोपातल्या जंगलांकडे आणि दगडी किल्ल्यांकडे पाहून बेतलेली होती, आणि नवीन पाहुण्यांना तिच्यातच दाटीवाटीने बसावं लागलं. मालीच्या वाट्याला आलेली खास योद्धा ‘ग्बेतो’ घ्या. या बायका म्हणजे दाहोमेच्या राज्यातल्या हत्तींच्या शिकारणी. दाहोमे आजच्या बेनिन देशात, मालीपासून शेकडो मैल दूर आणि काळाने काही शतकं पुढे. इतिहासाचा असा गोपाळकाला खेळात चालतो, पण कुठलं दही कुठल्या हंडीतलं हे ठाऊक असलेलं बरं.

मालीचा खरा नियम एक माशी ठरवत होती. त्सेत्से माशी. ती चावली की तिच्यातल्या परजीवीमुळे घोड्यांना आणि गुरांना जीवघेणा आजार होतो. ही माशी दमट झाडीत राहते, कोरड्या गवताळ पट्ट्यात नाही. त्यामुळे गवताळ प्रदेशात मालीचं घोडदळ दिमाखात दौडायचं आणि दाट जंगलाच्या कडेला येऊन थांबायचं. सोनं खणणारे लोक बरेचदा त्या कडेपलीकडे होते. त्यांना तलवारीने जिंकण्यापेक्षा त्यांच्याशी व्यापार करणं राजांना परवडायचं. एखाद्या खेळात नकाशाच्या झाडीत शिरलेला प्रत्येक घोडा हळूहळू मरू लागला, तर खेळणाऱ्याला पश्चिम आफ्रिकेचं राजकारण अर्ध्या तासात कळेल.

इब्न बतूताला मालीच्या दरबारात मिळालेला पाहुणचारही ऐकण्याजोगा आहे. तेव्हा गादीवर मूसाचा भाऊ सुलेमान होता. सुलतानाकडून भेट येते आहे म्हटल्यावर बतूता उठून उभा राहिला. त्याला वाटलं, भरजरी पोशाख आणि मोहरा असतील. आल्या तीन भाकरी, तळलेल्या गोमांसाचा एक तुकडा आणि भोपळ्याच्या तुंब्यात दही. तो हसत सुटला. याच माणसाने पुढे लिहिलं की या देशात प्रवाशाला चोराचं भय नाही आणि सुलतान अन्याय खपवून घेत नाही.

हाच इब्न बतूता त्याआधी, दिल्लीहून १३४२ साली निघाला असताना, दौलताबादला आला होता आणि नंदुरबारलाही. नंदुरबारच्या मराठ्यांविषयी त्याने लिहिलंय की हे लोक कारागिरीत तरबेज आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, त्यांचं खाणं भात, भाज्या आणि तिळाचं तेल. एकाच माणसाच्या जोड्यांना नंदुरबारची माती लागली आणि पुढे दहा वर्षांनी तघाझाचं मीठही.

वरून खाली कोरलेली देवळं

इथिओपियाला खेळात वेगाने बाण सोडणारे तिरंदाज मिळाले आणि ‘शोतेल’ नावाची कोयत्यासारखी वळलेली तलवार. शत्रूने ढाल पुढे केली तर तिच्या कडेवरून आत पोचावं म्हणून ते वळण. हत्यार अस्सल तिथलं आहे. पण इथिओपियाची खरी शक्ती दगडात आणि डोंगरात होती.

तिथलं जुनं राज्य अक्सुम. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात ते स्वतःची सोन्याची नाणी पाडत होतं आणि इराणच्या मानी या धर्मसंस्थापकाच्या परंपरेत जगातल्या चार मोठ्या राज्यांत त्याची गणना होते. तिथल्या राजांनी अखंड दगडाचे प्रचंड स्तंभ उभारले. त्यातला सुमारे चोवीस मीटर उंचीचा एक स्तंभ मुसोलिनीच्या फौजांनी १९३७ मध्ये रोमला नेला. तो २००५ मध्ये तुकड्यांनी विमानातून परत आला. डेब्रे दामो या डोंगरमाथ्यावरच्या मठात शंभरावर कुषाण सुवर्णनाणी सापडली. कुषाणांचं सोनं इथिओपियाच्या डोंगरावर कसं गेलं? तांबड्या समुद्रातून, कापड आणि मिरीच्या व्यापारावर.

अक्सुमनंतरच्या झाग्वे राजांच्या काळात, बाराव्या-तेराव्या शतकांत, लालिबेला इथे अकरा चर्च घडली. ती बांधली नाहीत, कोरली. जमिनीत खोल चर खणून आधी खडकाचा एक ठोकळा सुटा करायचा आणि मग वरून खाली छप्पर, खिडक्या, दारं आणि आतले खांब काढत जायचं. सेंट जॉर्जचं चर्च वरून पाहिलं तर क्रॉसच्या आकाराचं दिसतं आणि त्याचं छत आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीवर आहे. वेरूळचं कैलास लेणं पाहिलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णराजाच्या कारागिरांनी तेच केलं होतं, कळसापासून सुरुवात करून जोत्यापर्यंत. या दोन जागांत एकीवरून दुसरी शिकली असं म्हणायला पुरावा नाही. छिन्नी चुकली तर तुकडा परत जोडता येत नाही, हे माहीत असूनही दोन दूरच्या देशांतल्या लोकांनी तो धोका पत्करला, एवढंच थक्क व्हायला पुरे आहे.

चौलचे मणी

पूर्व किनाऱ्यावर, आजच्या टांझानियात, किल्वा नावाचं बेट आहे. इब्न बतूता १३३१ मध्ये तिथे गेला आणि शहराच्या देखणेपणावर खूश झाला. प्रवाळाच्या दगडाची घरं, घुमटांची मशीद, सुलतानाची स्वतःची तांब्याची नाणी. किल्वाचं वैभव आलं झिम्बाब्वेच्या पठारावरच्या सोन्यातून. त्या पठारावर ‘ग्रेट झिम्बाब्वे’ उभं आहे. चुना नाही, माती नाही, नुसते ग्रॅनाइटचे तासलेले दगड एकावर एक रचून अकरा मीटरपर्यंत उंच भिंत. वसाहतीच्या काळात गोऱ्या मंडळींना हे आफ्रिकनांचं काम म्हणवेना. फिनिशियन, शेबाची राणी, कुणाकुणाची नावं पुढे केली गेली. डेव्हिड रँडल-मॅकायव्हरने १९०५ मध्ये आणि गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या बाईंनी १९२९ मध्ये खणून दाखवलं की हे तिथल्याच लोकांनी मध्ययुगात बांधलेलं आहे. तरी ऱ्होडेशियाच्या सरकारला ते पचलं नाही. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने आपलं नावच या दगडांवरून घेतलं.

त्या अवशेषांत चिनी मातीची भांडी निघाली, किल्वाचं तांब्याचं एक नाणं निघालं आणि काचेचे इवलेसे मणी निघाले. असे मणी पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत ढिगाने सापडतात. काचेत सोडा किती, ॲल्युमिना किती, इतर मूलद्रव्यांचे अंश किती हे मोजलं की ती साधारण कुठल्या भट्टीच्या कुळातली हे ओळखता येतं. त्या तपासणीत पूर्व आफ्रिकेतल्या काही मण्यांचं नातं भारताशी निघालं, आणि त्यात आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलच्या उत्खननात मिळालेल्या मण्यांशीही ते जुळलं. ज्वारीच्या दाण्याएवढा मणी, पण रेवदंड्याच्या खाडीशेजारचं बंदर आणि आफ्रिकेचा किनारा यांना जोडणारा.

हे सगळं मोसमी वाऱ्यावर चालायचं. हिवाळ्यात ईशान्येचा वारा कोकणातून आणि गुजरातेतून गलबतं आफ्रिकेकडे न्यायचा, उन्हाळ्याच्या सुमारास नैर्ऋत्येचा वारा ती परत आणायचा. किल्वाला गेलेल्या व्यापाऱ्याला वारा फिरेपर्यंत तिथे राहावंच लागे. त्या मुक्कामांतून नाती जुळली, भाषा मिसळल्या.

आणि आता पोर्तुगीजांचं कोडं. १५०५ मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेइदा लिस्बनहून निघाला. वाटेत त्याने किल्वा लुटलं आणि पुढे येऊन तो पोर्तुगीज हिंदुस्थानचा पहिला व्हाइसरॉय झाला. १५०८ मध्ये त्याचा मुलगा लोरेन्सो चौलच्या बंदरात इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना मारला गेला. बापाने पुढल्या वर्षी दीवला त्याचा सूड घेतला. ‘द आफ्रिकन किंगडम्स’मधली पोर्तुगीज मोहीम याच आल्मेइदाची आहे. किल्वा, चौल आणि दीव ही एकाच समुद्राची तीन दारं होती. आफ्रिकेची पेटी उघडली की कोकण बाहेर येणारच.

ताटातला आफ्रिका

खेळातल्या सगळ्या शेतांत एकच पीक डोलतं. तिथे विदर्भाच्या माणसाने एक पीक सुचवावं: ज्वारी. तिचं सर्वांत जुनं लागवडीचं रूप पूर्व सुदानमध्ये सापडलं आहे, साधारण पाच हजार वर्षांपूर्वीचं. बाजरी मालीच्या बाजूची. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातली. चवळीही आफ्रिकेचीच. ही धान्यं साधारण चार-साडेतीन हजार वर्षांपूर्वी भारतात येऊन रुजली. थोडक्यात, यादवांच्या आणि वाकाटकांच्याही कितीतरी आधी इथल्या चुलीवर आफ्रिका शिजत होता. नागपूरकर थंडीत हुरडा खायला शेतावर जातात तेव्हा निखाऱ्यावर भाजलेलं कणीस सुदानच्या माळाचं वंशज असतं.

ज्याला एक रंग पुरत नाही

आता मराठवाडा. इथिओपियात १५४८ च्या सुमारास एक मुलगा जन्मला. त्याचं नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. येमेनचं मोखा, मग बगदाद. तिथल्या मालकाने त्याला शिकवलं, मुसलमान केलं, अंबर नाव दिलं. १५७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो दख्खनेत पोचला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगीझखान स्वतः कधीकाळी विकला गेलेला हबशीच होता आणि त्याच्यापाशी असे हजारभर हबशी होते.

दख्खनच्या सुलतानांना हबशी का हवे होते? दरबारात दोन तट होते, इराणकडून आलेले परदेशी आणि इथले दख्खनी. दोघांची घराणी, सोयरिकी, वतनं. गुलाम म्हणून आलेल्या हबशाला इथे ना भाऊ ना सासरा. त्याची निष्ठा मालकाशी. दुसरीकडे इथिओपियाला हिंदुस्थानी सुती कापड हवं होतं आणि बदल्यात द्यायला सोनं, हस्तिदंत आणि माणसं होती. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी ही देवाणघेवाण नीट उलगडून दाखवली आहे. दख्खनच्या मागावर विणलेल्या ठाणांची किंमत अशी कुणाच्या तरी लेकराने चुकती केली. खेळात बाजार आहे, तिथे लाकूड देऊन सोनं घेता येतं. माणूस घेता येत नाही. ते बरंच आहे, पण ही घडण त्यामुळे पडद्यावर येतच नाही.

चंगीझखान मेला, त्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं. विजापूरला जाऊन त्याने ‘मलिक’ ही पदवी मिळवली आणि परत आला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला तेव्हा बुडालेली निजामशाही त्याने परांड्याला एका राजपुत्राला गादीवर बसवून पुन्हा उभी केली. १६१० च्या सुमारास विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने नोंदवलं की त्याच्या फौजेत दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी आहेत. त्या दख्खन्यांत मराठे होते. पुढे शहाजीराजे आले, त्यांचे बंधू शरीफजी आले. रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, अंगावर आलं की डोंगरात पसार व्हायचं, ही लढाईची पद्धत मोगलांना इथेच जड गेली.

जहांगीर बादशहा त्याच्यावर इतका जळायचा की १६१६ च्या सुमारास त्याने अबुल हसनकडून एक चित्र करवून घेतलं. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून, भाल्याच्या टोकावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. तसं कधीच घडलं नाही. अंबर आणखी दहा वर्षं जगला, १६२६ मध्ये म्हातारा होऊन वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. चित्र सध्या डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. रणात साधलं नाही ते कुंचल्याने साधून घेतलं!

खेळात अंबरला कुठे बसवायचं? इथिओपियाच्या यादीत घातला तर त्याचं सैन्य चुकतं. २०२२ मध्ये भारतीयांचे हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे चार भाग केले गेले. दख्खन त्यांपैकी कशातच मावत नाही. आणि अंबर एकटा नाही. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर हबशी, आणि त्याच वेळी शिवाजीमहाराजांच्या बाजूने लढणारा सिद्दी हिलाल हाही हबशीच. जंजिऱ्याच्या सिद्दींचं संस्थान तर १९४८ पर्यंत टिकलं. काळ्या नकाशाच्या एका कोपऱ्यात एक संस्कृती एकटी जन्मते, वाढते आणि दुसरीला गिळते, हा खेळाचा पाया आहे. आफ्रिका त्यात घालायला घेतला की तो पाया डळमळतो. मूसाच्या सोन्याने कैरो हलतं, चौलचा मणी दूर आफ्रिकेत सापडतो, चापू दौलताबादेत राज्य चालवतो. नकाशा काळा नव्हताच कधी, सगळे एकमेकांच्या ओळखीचे होते.

गंमत म्हणजे खेळात यावरची एक युक्ती आधीपासून आहे. भिक्षू मंत्र म्हणत शत्रूच्या सैनिकापुढे उभा राहतो आणि थोड्या वेळाने त्या सैनिकाचा रंग बदलतो. पोशाख आणि हत्यार मात्र जुनंच राहतं. लाल पट्ट्याचा इथिओपियन निळ्याच्या फौजेत, हातात तीच वळलेली तलवार. दख्खनच्या हबशांसाठी यापेक्षा जवळचं चित्र खेळात दुसरं नाही. फक्त त्यांना कुणी मंत्र म्हटला नव्हता, बोली लावली होती.

म्हणून ज्यांना हौस आहे त्यांनी वाट पाहत बसू नये. खेळासोबत प्रसंग रचण्याची साधनं मिळतात; भारतीय संस्कृतीही हौशी लोकांनीच आधी आणली होती. प्रसंग घ्यावा भातवडीचा, १६२४ चा. खेळाचा ठरलेला काळ साधारण सोळाव्या शतकाअखेर संपतो, तेवढी सूट घ्यावी. ठिकाण अहमदनगरजवळ, म्हणजे आताच्या अहिल्यानगरजवळ. समोर मोगल आणि आदिलशहा यांची जोडफौज, संख्येने मोठी. तुमच्याकडे हबशी आणि मराठे, एकाच रंगाखाली. सरळ भिडलात तर हरलात. नकाशावर एक तलाव ठेवा, त्याला बांध. खेळाडूने तो फोडला की शत्रूच्या छावणीत पाणी आणि चिखल, त्याच्या घोड्यांचा वेग निम्मा, मग छापे. अंबरने हेच केलं. शरीफजी त्या लढाईत पडले, शहाजीराजांचं नाव दख्खनभर झालं.

आणि जिंकण्याची अट? खेळात अद्भुत वास्तू बांधून ती ठरावीक काळ राखली की विजय मिळतो. अंबरचा भडकल दरवाजा त्यासाठी सुचेल, मोगलांवरच्या विजयाच्या आठवणीसाठी १६१२ मध्ये बांधलेला. पण मी नहर-ए-अंबरी ठेवेन. १६१० मध्ये त्याने खडकी हे नगर वसवलं, जे पुढे औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर आहे. या नगराला पाणी हवं होतं. डोंगराच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी त्याने जमिनीखालच्या बोगद्यात गोळा केलं, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणलं, मध्ये मध्ये दाब सांभाळायला आणि गाळ काढायला मनोरे व झरोके ठेवले आणि भाजक्या मातीच्या नळांनी हौदांपर्यंत पोचवलं. पंप नाही, वीज नाही. अंबर गेल्यावर दहा वर्षांत, १६३६ मध्ये, निजामशाही बुडाली. मोगल आले, निजाम आले, आणि त्याच्या नहरीचं पाणी सगळ्यांनी प्यायलं. शत्रूने शहर घेतलं तरी ज्याची वास्तू शत्रूलाही मोडवत नाही, त्याला विजयी धरावं, असा नियम प्रसंगात लिहून टाकावा. मग झेंडा कुठलाही द्या.